पटनीच्या चर्चमधली मीटिंग



गेल्या वार्षिक सभेत काय झालं ते हजर असलेल्यांना ठाऊक आहे आणि नसलेल्यांना त्याच रात्री फोनवरून कळलं आहे, तेव्हा ते सगळं पुन्हा सांगत बसत नाही. थोडक्यात एवढंच, की 'एका कुटुंबाला एक मत' हा आपल्या घटनेतला नियम बदलून प्रत्येक सज्ञान सभासदाला मत द्यावं, आणि वर्षाची वर्गणी भरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही द्यावं, असा ठराव आला. त्यावर पाऊण तास बोलणं झालं, हॉलची वेळ संपली आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या पाऊण तासातला बराचसा वेळ मी स्वयंपाकघरात होते, कारण बटाटेवडे तळायचे होते. आत आम्ही सहाजणी होतो. सहाही घरांची मतं बाहेर खुर्च्यांवर बसली होती. ही तक्रार नाही, नोंद आहे. आम्हा केमिस्ट लोकांना नोंद ठेवायची खोड असते.

झाकणाच्या खिडकीतून वड्यांचं ताट बाहेर सरकवताना आपल्या एका ज्येष्ठ काकांचं बोलणं कानावर पडलं. (नाव लिहीत नाही. त्यांना विचारूनच लिहिते आहे.) ते म्हणत होते, "ज्याचं इथे काही अडकलेलं आहे त्यालाच मत असावं. आजीव सभासदांनी हॉलच्या निधीत पैसे घातलेत. ही पोरं येतात, वर्षभर शिकतात आणि जातात. उद्या बहुमत करून त्यांनी निधी उडवला, तर कोणाला विचारायचं?"

मला वाटलं, हे मी आधी कुठेतरी ऐकलं आहे. घरी येताना गाडीत आठवलं. ऐकलं नव्हतं, वाचलं होतं, आणि तेही पटनीच्या चर्चमध्ये.

इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी पोस्टडॉक होते आणि पटनीच्या बाजूला एका खोलीत राहत होते. लॅबमधून येताना बस पुलावर अडकली की मी उतरून चालत जायची. पुलाच्या दक्षिण टोकाला थेम्सच्या अगदी काठावर सेंट मेरीचं चर्च आहे. एकदा पाऊस फार आला म्हणून आत शिरले. आत बघते तर एका भिंतीवर बायबलमधलं नव्हे, तर एका कर्नलचं वाक्य लिहिलेलं! या देशातल्या गरिबातल्या गरीब माणसालाही थोरामोठ्यांइतकंच आयुष्य जगायचं असतं, अशा अर्थाचं. चर्चच्या भिंतीवर राजकारण कसं काय, म्हणून चौकशी केली, आणि त्या दिवसापासून या विषयाची गोडी लागली. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. जे वाचलं आणि ताडून पाहिलं, तेवढंच लिहिते.

साल १६४७. आपल्याकडे शिवाजी महाराज सतरा वर्षांचे आहेत. आम्हा रसायनवाल्यांचा रॉबर्ट बॉइल वीस वर्षांचा आहे आणि त्याच्या प्रसिद्ध पुस्तकाला अजून चौदा वर्षं अवकाश आहे. इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ पासून चाललेलं यादवी युद्ध राजा हरला आहे आणि तो कैदेत आहे. युद्ध जिंकून देणारी पार्लमेंटची नवी फौज मात्र चिडलेली आहे, कारण पगार थकलेत: पायदळाचे अठरा आठवड्यांचे, घोडदळाचे त्रेचाळीस आठवड्यांचे. आणि पार्लमेंट म्हणतं, आता फौज मोडा, नाहीतर आयर्लंडला लढायला जा.

शिपायांनी केलं काय, तर प्रत्येक रेजिमेंटमधून आपले प्रतिनिधी निवडले. त्यांना 'अ‍ॅजिटेटर' म्हणत. तेव्हा त्या शब्दाला आजचा वास नव्हता, अर्थ साधा 'आपल्या वतीने बोलणारा' असा होता. सुरुवात पगारापासून झाली हे खरं, पण पगारावर थांबली नाही. आम्ही लढलो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी विचारायला घेतला. आणि इथे त्यांची गाठ लंडनमधल्या एका गटाशी पडली. त्या गटाला त्याचे शत्रू 'लेव्हलर' म्हणत, म्हणजे सगळं सपाट करणारे, उंच-नीच काही न ठेवणारे. त्या लोकांना हे नाव मुळीच आवडत नसे. आम्ही कोणाची मालमत्ता वाटून घ्यायला निघालो नाही, असं ते परोपरीने सांगत. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचा सगळ्यात गाजलेला पुढारी जॉन लिलबर्न. लंडनला कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करायला आलेला पोरगा. विनापरवाना पुस्तकं हॉलंडातून छापून आणली या आरोपावरून त्याला 'स्टार चेंबर' नावाच्या राजाच्या कोर्टापुढे उभं केलं. तिथली पद्धत अशी, की आरोप सांगण्याआधीच शपथ घ्यायची की विचाराल त्याची खरी उत्तरं देईन. लिलबर्न म्हणाला, घेत नाही. माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध पुरावा काढणार असाल तर मी तोंड उघडत नाही. १६३८ च्या एप्रिलमध्ये त्याला गाडीच्या मागे बांधून, उघड्या पाठीवर फटके मारत, फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत नेलं. तिथे खोड्यात अडकवलं, तर तो तिथूनही जमलेल्या लोकांपुढे भाषण करायला लागला. शेवटी तोंडात बोळा कोंबावा लागला. १६४० साली त्याच्या सुटकेसाठी पार्लमेंटात भाषण केलं ते ऑलिव्हर क्रॉमवेल नावाच्या एका सभासदाने. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिलबर्नची बायको एलिझाबेथ हिच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. १६४२ साली तो राजाच्या लोकांच्या हाती सापडला आणि ऑक्सफर्डला त्याच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. तेव्हा ही बाई दिवस गेलेले असताना पार्लमेंटचं पत्र घेऊन, दोन्ही सैन्यांच्या मधून वाट काढत ऑक्सफर्डला पोचली. 'आमच्या माणसाला माराल तर तुमच्या कैद्यांचं तेच होईल' असा पत्रातला मजकूर होता. नवरा वाचला. पुढे आयुष्यभर तो तुरुंगात आणि ती अर्ज घेऊन दारोदार, असंच चाललं.

त्याचे दोन मुख्य साथीदार. विल्यम वॉलविन हा सुखवस्तू व्यापारी, मृदू बोलणारा. रिचर्ड ओव्हरटन हा छापखानेवाला, चोरून छापण्यात पटाईत. सेन्सॉरची पकड १६४१ च्या सुमारास ढिली झाली आणि लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळातली बावीस हजारांच्या आसपास पत्रकं, पुस्तकं आणि वार्तापत्रं जमवली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपला हा अंक फोटोकॉपी मशीनमध्ये अडकतो तेव्हा मला ओव्हरटनची आठवण येते. त्याला निदान टोनर तरी बदलावा लागत नव्हता.

१६४७ च्या वसंतात या मंडळींनी पार्लमेंटला मोठा अर्ज दिला. पार्लमेंटने तो जल्लादाकरवी जाळायचा हुकूम काढला. तेव्हा त्यांनी मोर्चा फौजेकडे वळवला.

आता पटनी. फौजेचा मुक्काम तेव्हा तिथे होता. २८ ऑक्टोबर १६४७ रोजी फौजेच्या कौन्सिलची बैठक सेंट मेरीच्या चर्चमध्ये भरली. सरसेनापती फेअरफॅक्स आजारी, म्हणून अध्यक्ष क्रॉमवेल. एका बाजूला वरिष्ठ अधिकारी, दुसऱ्या बाजूला साधे शिपाई आणि लंडनहून आलेले एक-दोन लेव्हलर. लिलबर्न स्वतः नव्हता, तो टॉवरमध्ये कैदेत होता. टेबलावर एक छोटासा मसुदा ठेवला होता, 'जनतेचा करार' या अर्थाच्या नावाचा. मागण्या मोजक्या. हे पार्लमेंट ठरलेल्या तारखेला विसर्जित करा. दर दोन वर्षांनी निवडणूक घ्या. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्या, कारण ओल्ड सेरमसारख्या, जिथे माणसंच उरली नव्हती, अशा ठिकाणाहूनही दोन-दोन सभासद जात होते. आणि शेवटी, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग: काही गोष्टी अशा, की लोकांनी निवडलेल्या पार्लमेंटलाही त्यांना हात लावता येणार नाही. धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, जबरदस्तीने सैन्यात भरती नाही, कायदा सगळ्यांना सारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी प्रार्थना झाली आणि मग मताधिकारावर जुंपली. हेन्री आयर्टन हा क्रॉमवेलचा जावई, पस्तिशीतला, कायदा शिकलेला, बुद्धीने भलताच तल्लख. तो म्हणाला, लोकसंख्येच्या प्रमाणात म्हणजे काय? प्रत्येक माणसाला मत? ज्याचा या देशात कायमचा, पक्का हितसंबंध आहे, म्हणजे जमीन आहे किंवा शहरातल्या व्यापारी संस्थेत हक्क आहे, त्यालाच मत असावं. नुसता श्वास घेतो म्हणून मत दिलंत, तर उद्या ज्यांच्याकडे काही नाही ते बहुमताने सगळ्यांची मालमत्ता काढून घेतील. त्यांना कोण अडवणार?

काका, पटतंय ना, मी कुठे ऐकलं होतं ते?

उत्तर दिलं कर्नल थॉमस रेन्सबरोने, भिंतीवरच्या वाक्याच्या धन्याने. त्याचं म्हणणं असं, की ज्या सरकारच्या हाताखाली माणसाने राहायचं, त्या सरकारला आधी त्याची स्वतःची संमती हवी. संमती विचारलीच नसेल तर ते सरकार त्याला बांधील धरू शकत नाही. एडवर्ड सेक्सबी हा शिपायांचा प्रतिनिधी त्याहून रोखठोक. आमच्यातल्या हजारोंनी जीव पणाला लावले, आमच्याकडे जमीनजुमला नाही हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं, मग आत्ताच सांगता की आमचा हक्क नाही? तसं असेल तर आम्ही फसवले गेलो आणि भाडोत्री शिपाई ठरलो. हे बोलणं वाचताना साडेतीनशेहून जास्त वर्षं मध्ये आहेत असं वाटतच नाही.

पण लेव्हलरांचाही पाय इथे थोडा घसरतोच. मॅक्सिमिलियन पेटी नावाचा त्यांचाच माणूस म्हणाला, नोकरांना, उमेदवारांना आणि भिक्षेवर जगणाऱ्यांना वगळायला आमची हरकत नाही, कारण ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, त्यांचं मत धन्याचंच मत होईल. आणि बायकांच्या मताचा विषय त्या संपूर्ण चर्चेत कोणी काढला नाही. विरोध करण्याइतकासुद्धा नाही.

शेवटी काय झालं असेल? आपल्याकडे होतं तेच. समिती नेमली.

हे सगळं आपल्याला शब्दन् शब्द कसं कळलं, ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. विल्यम क्लार्क नावाचा चिटणीस तिथे बसून लघुलिपीत टिपणं घेत होता. त्याने ती १६६२ साली नीट उतरवून काढली. त्याच्या मुलाने आपला ग्रंथसंग्रह १७३६ साली मृत्युपत्राने ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजला दिला. तिथे ती कागदपत्रं पडून राहिली, आणि १८९० च्या सुमारास फर्थ नावाच्या इतिहासकाराच्या हाती लागली. दुसऱ्या वर्षी छापून आली. म्हणजे लोकशाहीवरच्या एका मोठ्या वादाबद्दल जवळजवळ अडीचशे वर्षं कोणाला फारसं माहीतच नव्हतं. आमच्या लॅबमध्ये नवीन विद्यार्थ्याला मी प्रयोगवही व्यवस्थित लिहायला सांगते तेव्हा क्लार्कचं उदाहरण देते. आपल्या मंडळाच्या सभांचं इतिवृत्त मात्र दोन वर्षांचं सापडत नाही. असो.

पुढची हकिगत भराभर सांगते, कारण ती दुःखाची आहे. ११ नोव्हेंबरला राजा हॅम्प्टन कोर्टातून पळाला आणि चर्चेची हवाच गेली. १५ नोव्हेंबरला वेअर गावाजवळच्या मैदानात काही शिपाई टोपीत 'जनतेचा करार' खोचून हजर झाले. त्यांच्यातल्या तिघांना दोषी ठरवून, त्यांतला एक नशिबाच्या कौलाने निवडला. रिचर्ड अर्नोल्ड त्याचं नाव. त्याला सगळ्या रेजिमेंटसमोर गोळ्या घातल्या. रेन्सबरो पुढच्या वर्षी डॉनकास्टरला राजाच्या पक्षाच्या माणसांकडून मारला गेला. त्याच्या अंत्ययात्रेत लोकांनी समुद्री हिरव्या रंगाच्या फिती लावल्या, आणि तो लेव्हलरांचा रंगच झाला.

३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवलं. लिलबर्नला वाटलं होतं की आता तरी करार अमलात येईल. त्याऐवजी सत्ता गेली फौजेच्या वरिष्ठांकडे, आणि तो म्हणाला, ही नुसती नवी बेडी आहे. मार्चमध्ये त्याला, वॉलविनला, ओव्हरटनला आणि चौथा साथीदार थॉमस प्रिन्स याला टॉवरमध्ये टाकलं. टाकणाऱ्यांत एकेकाळी त्याला सोडवणारा क्रॉमवेलच होता.

आणि मग रस्त्यावर आल्या त्या बायका. एप्रिल १६४९ मध्ये शेकड्यांनी स्त्रिया या कैद्यांच्या सुटकेचा अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या. त्यांना सांगण्यात आलं, की हा विषय तुमच्या समजण्यापलीकडचा आहे, तुमच्या नवऱ्यांना आम्ही उत्तर दिलेलं आहे, घरी जा आणि घरकाम बघा. एका सभासदाने तर भांडी घासा म्हणून सांगितल्याची बातमी त्या वेळच्या वार्तापत्रात आहे. त्यावर एका बाईने उत्तर दिलं, की घासायला घरात भांडी उरलीत कुठे! मे महिन्यात त्या दुसरा अर्ज घेऊन गेल्या. देवाने आम्हालाही त्याच्याच प्रतिमेत घडवलं आहे आणि या देशाच्या भल्याबुऱ्यात पुरुषांइतकाच आमचाही वाटा आहे, असं त्यात होतं. मात्र त्याच महिन्याच्या १ तारखेला टॉवरमधून निघालेल्या नव्या करारात मत होतं एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना. ज्यांच्यासाठी बायका रस्त्यावर होत्या, त्यांनीच तो लिहिला होता. लेव्हलरांबद्दल मला कितीही आदर असला तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्याच मे महिन्यात आयर्लंडला जायला नकार देणाऱ्या रेजिमेंटच्या शिपायांना क्रॉमवेलने ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्ड गावात मध्यरात्री गाठलं. सुमारे ३४० जणांना गावच्या चर्चमध्ये कोंडलं. १७ मे ला त्यांच्यापैकी तिघांना, थॉमसन, पर्किन्स आणि चर्च यांना, भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. बाकीच्यांना छतावरून बघायला लावलं. आत कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली नावाच्या एकाने बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाच्या शिशाच्या पत्र्यावर आपलं नाव, साल आणि 'कैदी' एवढंच कोरलं. स्पेलिंग चुकलेलं आहे. मी ते पाहिलं आहे. शिसं मऊ असतं, साध्या सुरीनेही कोरता येतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं; पण त्या अक्षरांवरून बोट फिरवताना पुस्तकातलं काही आठवलं नाही. बर्फर्डला १९७५ पासून दर मे महिन्यात या लोकांच्या आठवणीचा दिवस भरतो.

लिलबर्न मात्र हाती लागला नाही. ऑक्टोबर १६४९ मध्ये गिल्डहॉलमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. पत्रकावरचं अक्षर तुझंच ना, असं विचारलं तर तो सांगेना. माझ्याविरुद्धचा पुरावा तुम्ही आणा, मी का देऊ? ज्युरीने निर्दोष म्हटलं आणि हॉलमध्ये जल्लोष उसळला. पुढे हद्दपारी, परत येणं, पुन्हा खटला, पुन्हा निर्दोष, आणि तरीही तुरुंग. शेवटी तो क्वेकर झाला आणि १६५७ साली चाळिशीतच वारला. तो लढला ती गोष्ट मात्र उरली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६६ च्या मिरांडा निकालात त्याच्या खटल्याचा उल्लेख केला आहे. आणि आपल्या भारताच्या राज्यघटनेचं कलम २०(३) काढून बघा: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही.

मताधिकाराचं म्हणाल तर या देशात सगळ्या पुरुषांना मत मिळायला १९१८ उजाडलं, आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीने १९२८. त्याच १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकर आपल्याकडे सर्व प्रौढांना मत मागत होते, आणि शिक्षण नाही, मालमत्ता नाही म्हणून लोकांना मत नाकारण्याला त्यांचा विरोध होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतात ते मिळालं, बायकांना आणि पुरुषांना एकाच दिवशी. (जाता जाता: भारतीय पासपोर्ट असला तरी इथे रीतसर राहणाऱ्याला कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून इथल्या निवडणुकीत मत देता येतं. आपल्यातल्या कितीजणांनी नाव नोंदवलं आहे?)

हा लेख छापायला देण्याआधी मी काकांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "आयर्टन चुकीचं नव्हता बोलत. त्याच्या शंकेला उत्तर कुठे दिलंय तुझ्या कर्नलने?"

खरं आहे. रेन्सबरोने नीटसं दिलं नाही. पण उत्तर करारातच होतं: काही गोष्टी बहुमताच्याही हाताबाहेर ठेवायच्या. म्हणून मी ठरावाला एक उपसूचना पाठवते आहे. मत प्रत्येक सज्ञान सभासदाला, विद्यार्थ्यांसह. आणि हॉलच्या निधीला हात लावायचा तर वेगळी सभा, तीस दिवसांची नोटीस आणि तीन चतुर्थांश मतं. काकांना ती दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बघू. विचार करतो. पण काय गं, तुम्ही सगळ्याजणी बाहेर येऊन बसलात तर वडे कोण तळणार?"

वडे सभेच्या आधी तळून होतील. बटाटे सोलायला साडेदहाला या. ज्यांचं मत आजवर बाहेर खुर्चीवर बसत होतं, त्यांनीही यायला हरकत नाही. सोलणी मंडळाच्या कपाटात चार आहेत, आणखी असतील तर घेऊन या.